सायकल चालवा म्हणतो, पण कोणत्या रस्त्यावर?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचावन्नी ओलांडलेले एक शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. उपाशीपोटीची साखर १६८, पोट सुटलेले, रक्तदाब काठावर. गुडघे दुखतात म्हणून चालणे होत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी नेहमीप्रमाणे गोळ्या लिहिल्या, पथ्य सांगितले आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिले, 'रोज अर्धा तास सायकल.' गुरुजी आज्ञाधारक रुग्ण. माळ्यावरची जुनी सायकल त्यांनी खाली काढली, टायर-ट्यूब बदलून घेतल्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे बाहेर पडू लागले. तीन महिन्यांत साखर १२२ वर आली. कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला. मला कोण आनंद! इतर रुग्णांना मी त्यांचे उदाहरण देऊ लागलो.

मग दिवाळी झाली आणि कारखान्यांची धुराडी पेटली. गळीत हंगामात आपल्या भागातल्या मुख्य रस्त्यांची काय अवस्था असते, हे वाचकांना सांगायला नको. एका पहाटे समोरून एस.टी. आणि मागून दोन ट्रेलर ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, अशा पेचात गुरुजी सापडले. वाट द्यावी म्हणून साइडपट्टीवर उतरायला गेले. डांबराची कडा आणि साइडपट्टी यांत वीतभर खोली होती. सायकल कलंडली आणि खुबा मोडला. ट्रॅक्टरचा धक्काही लागला नाही, त्यामुळे या अपघाताची कुठे नोंदसुद्धा नाही. शस्त्रक्रिया झाली, गुरुजी सहा महिने घरी बसले, साखर पुन्हा दोनशेच्या घरात गेली. गुरुजींनी मला दोष दिला नाही. त्यांच्या पत्नीने मात्र दिला. "डॉक्टर, सायकल चालवा म्हणून तुम्ही सांगितलंत. कुठं चालवायची ते नाही सांगितलंत."

त्या बाईंचे बरोबर होते. गोळी लिहिताना आम्ही ती किती, कधी, जेवणाआधी की नंतर, सारे लिहितो. व्यायाम लिहिताना मात्र एक ओळ खरडून मोकळे होतो. चालायला सांगितले तर माणूस निदान अंगणात, गच्चीवर, शाळेच्या मैदानावर चालू शकतो. सायकलला रस्ताच लागतो. तो रस्ता हा औषधाचाच भाग आहे, आणि तो आम्ही रुग्णाच्या नशिबावर सोडून देतो.

सायकलचे गुण खोटे नाहीत. शरीर बसून राहिले की हृदय बिघडते, याचा पहिला मोठा पुरावा प्रा. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली मांडला, आणि तो गंमतीदार आहे. त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. पगार, वस्ती, खाणेपिणे साधारण सारखेच. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. (आपल्या एस.टी.ला जिना नसला तरी उभ्या प्रवाशांतून वाट काढणाऱ्या कंडक्टरलाही तो व्यायाम घडतच असावा.) पुढे डेन्मार्कमधील कोपनहेगन परिसरातल्या तीस हजारांवर स्त्रीपुरुषांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामावर सायकलने जाणाऱ्यांच्या तुलनेत न जाणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांनी जास्त निघाले. ब्रिटनमधील २ लाख ६३ हजार लोकांच्या २०१७ सालच्या अभ्यासातही सायकलने कामावर जाणाऱ्यांच्या बाबतीत असेच चित्र दिसले.

मधुमेही माणसाला तर सायकल फारच उपयोगी. मांडीचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. शिवाय अंगाचे वजन सीटवर असल्याने गुडघ्यांवर भार येत नाही. चालताना कळ येणारा रुग्ण सायकल सहज मारतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. देशात मधुमेही १० कोटींच्या वर गेल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतून पुढे आला. पूर्वी हा शहरी माणसाचा आजार म्हणत. आता माझ्या बाकावर बसलेल्या मधुमेह्यांत निम्मे शेतकरी असतात. नांगर ट्रॅक्टरने होतो, पाण्याची मोटर मोबाइलवरून सुरू होते आणि शेतावर जायला मोटारसायकल असते.

पण कोपनहेगनचे आकडे सांगताना आम्ही मंडळी अर्धेच सांगतो. त्या शहरात सायकलवाल्याला मोठ्या रस्त्यांच्या कडेने वेगळा, उंच कठड्याचा मार्ग आहे. सायकल आणि सुरक्षित रस्ता, दोन्ही मिळून ते औषध झाले आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. अशा रस्त्यावर पन्नाशीच्या रुग्णाला पहाटेच्या अंधारात पाठवणे हा उपचार कसा म्हणायचा? आणि धक्का लागला नाही तरी धूर आहेच. सायकल मारताना माणूस बसल्या वेळेच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. ती हवा डिझेलच्या धुराची असेल तर धूरही तितकाच आत जातो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णाला ते परवडणारे नाही. मागून येणाऱ्या हॉर्नच्या धास्तीने खांदे आखडून सायकल मारणाऱ्याचा रक्तदाब काय खाली येणार?

माझे म्हणणे असे की, आपल्या कृष्णाकाठी सायकलसाठी नवे रस्ते बांधायची गरजच नाही. ते आहेत. फक्त त्यांच्याकडे त्या नजरेने कोणी पाहिलेले नाही.

कराडजवळ खोडशीला कृष्णेवर जुना बंधारा आहे. ब्रिटिश अमदानीत, दीडशे वर्षांपूर्वी, तेथून कृष्णा कालवा काढला गेला. कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांच्या शिवारांतून तो आजही वाहतो. आपण त्याला साधे 'कॅनॉल' म्हणतो. कॅनॉलच्या कडेने पाटबंधारे खात्याच्या माणसांना देखरेखीसाठी वाट ठेवलेली असते. कोठे मुरमाची, कोठे डांबर टाकलेली, कोठे नुसती माती. या वाटेचा एक गुण सायकल मारल्याशिवाय कळत नाही. पाणी वाहायचे तर कालव्याला उतार हवा, पण उतार जास्त झाला तर पाणी काठ कापत जाते. म्हणून इंजिनियर लोक किलोमीटरमागे जेमतेम वीतभर उतार ठेवतात आणि जमिनीच्या चढउताराला वळसे घालत कालवा नेतात. त्याच्या कडेची वाटही तशीच सपाट! ना चढ, ना उतार. साठीतला माणूस, दम्याचा रुग्ण, पहिल्यांदाच सायकलवर बसलेली बाई, कोणालाही न धापता जाता येईल अशी वाट डांबरी रस्त्यांत शोधून सापडणार नाही. शिवाय नदीकाठचे रस्ते २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेले, कुठे गाळाने भरले, कुठे खचले. कॅनॉल नदीपात्रापासून उंचावरून जातो. तेथे पुराची भीती त्या मानाने कमी.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेले नाही. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउ गावापासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत तीनशे किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आहे. जगभरातून माणसे तो पार करायला येतात. त्याचा बराचसा भाग मूळचा सायकलींसाठी बांधलेलाच नव्हता. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जहाजे न्यायची तर काठावरून घोडे दोर लावून ती ओढत. त्या घोड्यांची ही वाट. पुढे आगबोटी आल्या, घोड्यांचे काम संपले आणि वाट नदीची देखभाल करणाऱ्या खात्याकडे राहिली. १९८० नंतरच्या काळात ती सायकलींना मोकळी झाली. खात्याच्या गाड्या सोडल्या तर मोटारींना तेथे बंदी. वाखाऊ नावाच्या खोऱ्यात ती द्राक्षमळ्यांतून आणि जर्दाळूच्या बागांतून जाते. द्राक्षांचे म्हणाल तर आपला जिल्हा काही कमी नाही, आणि देखभालीची वाट तर आपल्याही कालव्याला आहेच.

आता अडचणी. गेल्या वर्षी एका गावच्या पारावर मी हा विषय काढला तेव्हा एक शेतकरी उसळून म्हणाला, "डॉक्टर, कॅनॉलवरनं गाड्या बंद केल्या तर ऊस काय डोक्यावरनं न्यायचा काय?" त्याचा राग खरा आहे. कॅनॉललगतच्या कित्येक रानांना दुसरी वाटच नाही. म्हणून सरसकट बंदी मला नकोच. कालव्याच्या भरावावरून वाहने नेण्याला पाटबंधारे कायद्यात बंधने आहेत, पण ती कागदावर आहेत आणि शेतकऱ्याला आडवी जाण्यासाठी ती वापरावीत असे मी म्हणणार नाही. मला त्रास शेताच्या ट्रॅक्टरचा वाटत नाही. तो सावकाश जातो आणि वर्षातून ठरावीक दिवसच येतो. त्रास आहे तो मुख्य रस्त्याची गर्दी चुकवायला कॅनॉलवरून सुसाट सुटणाऱ्या मोटारसायकलींचा आणि मुरूम-माती वाहणाऱ्या डंपरांचा. त्यांना दुसरा रस्ता आहे.

तेव्हा मागणी एवढीच, की कॅनॉलच्या एखाद्या पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यावर सकाळी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत शेतीची वाहने सोडून इतर मोटारी नकोत. दोन्ही टोकांना एक-एक आडवा बांबू आणि एक पाटी. बांबू उचलायला गावातला कोणीही चालेल. ऊसतोडीच्या टोळ्या त्या रानात असतील त्या आठवड्यात बांबू लावूच नये. तसेही तेव्हा सायकलवाल्याने तिकडे फिरकू नये.

ठरावीक वेळेपुरता रस्ता मोकळा करण्याची कल्पनाही जुनीच. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तेथे १९७४ सालापासून ही प्रथा आहे. दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत शहरातले १२० किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते मोटारींना बंद होतात आणि सायकली, लहान मुले, म्हातारीकोतारी यांच्या हवाली होतात. दुपारी दोनला अडथळे निघाले की वाहतूक पुन्हा सुरू. तो काही श्रीमंत देश नाही. सांगलीकरांनी हे हरिपूर रस्त्यावर करून पाहावे असे मला फार वाटते. नाटककार देवलांच्या त्या गावाला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, सांगलीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पायी फिरायला जात आली. रविवारी सकाळी दोन-तीन तास तो रस्ता मोटारींविना राहिला तर कोणाचे काय बिघडेल?

एक गोष्ट मनात खुपते ती मुलींची. चार-पाच किलोमीटरवरच्या हायस्कूलला सायकलवरून जाणाऱ्या मुलींचे थवे पूर्वी प्रत्येक फाट्यावर दिसत. आता आईबाप म्हणतात, नको ती सायकल, रस्त्यावर ट्रक किती! मग मुलगी एस.टी.ची वाट पाहते, नाहीतर वडापमध्ये दाटीवाटीने बसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हाडे घट्ट होण्याच्या ऐन काळात तिच्या अंगाची हालचाल बंद होते, आणि पंधराव्या वर्षी तिला पाळीच्या तक्रारींसाठी माझ्याकडे आणतात, वजन वाढलेले असते. सगळ्या तक्रारींचे मूळ सायकल सुटण्यात आहे असे मी म्हणत नाही, पण काहींचे नक्की आहे. कॅनॉलची मोकळी वाट शाळेच्या वेळेलाही राहिली तर मधुमेही गुरुजींपेक्षा या मुलींचा फायदा मोठा.

वाट मोकळी होईल तेव्हा होईल. तोवर जे कॅनॉलच्या किंवा शिवारातल्या रस्त्याने जाणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगणे माझे कामच आहे. पहिले म्हणजे अंधारात जाऊ नका. कॅनॉलला कठडा नाही आणि पाण्याचे आवर्तन सुरू असताना पडलेल्या माणसाला अस्तर केलेल्या गुळगुळीत काठावरून वर येणे कठीण असते. शिराळा-वाळव्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे, तेही एक कारण. चांगले उजाडू द्या आणि एकटे जाऊ नका. फिट येणाऱ्यांनी पाण्याकडेच्या वाटेने सायकल चालवूच नये. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गुळाचे दोन खडे ठेवावेत. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेथेच उतरून गूळ खावा, 'घरी जाऊन बघू' म्हणू नये. इन्सुलिनची सुई सायकलला निघण्यापूर्वी मांडीत घेऊ नये. स्नायू तापले की ते औषध लवकर शोषले जाते आणि साखर अचानक घसरते. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर चपलेवर जाऊ नका, बूट-मोजे घाला आणि घरी आल्यावर तळवे पाहा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी आणि मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेल्यांनी आपापल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

सायकलीबद्दल म्हणाल तर गिअरची, महागाची काही लागत नाही. सीटची उंची तेवढी बघा. आपल्याकडे शंभरातले नव्वद लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग 'सायकलने गुडघे धरले' म्हणतात. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. वेग? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. पहिला आठवडा दहा मिनिटे जाऊन परत या, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवा. आठवड्यातून एकूण दीडशे मिनिटे झाली की पुष्कळ झाले. आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून जाताना कराडच्या दिशेने वाऱ्यावर जावे आणि दमल्यावर वारा पाठीशी घेऊन यावे. मी पहिल्या दिवशी उलटे केले. वाऱ्याच्या जोरावर ऐटीत वसगड्याच्या दिशेने गेलो आणि परतताना मांड्यांनी पाणी मागितले. पावसाळ्यात काळ्या मातीचा भाग टाळाच. चिखल मडगार्डात बसला की सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. राहिली कुत्री. वस्तीवरचे कुत्रे धावले तर पेडल जोरात मारू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. चार दिवसांत ते ओळखू लागते.

आमच्या गावच्या पट्ट्यासाठी दोन तासांच्या बांबूचा अर्ज आम्ही वीस-बावीस जणांनी सह्या करून पाटबंधारे खात्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे दिला आहे. कॅनॉलवरून गाड्या बंद होतील म्हणून माझ्यावर उसळलेल्या त्या शेतकऱ्याचीही त्यावर सही आहे. 'शेतीची वाहने वगळून' हे शब्द त्यानेच घालायला लावले. अजून उत्तर आलेले नाही.

गुरुजी मागल्या महिन्यापासून पुन्हा सायकलवर बसू लागले आहेत. शेजारचे निवृत्त पोस्टमन त्यांच्या सोबतीला असतात. या वेळी मी चिठ्ठीवर पूर्ण लिहून दिले : 'रोज अर्धा तास सायकल. कॅनॉलच्या रस्त्याने. उजाडल्यावर. एकटे नाही. वाटेत किती मोटारी भेटल्या ते लिहून आणणे.' परवा ते तपासणीला आले तेव्हा वही घेऊन आले. साखर १४१ होती. वहीत सुवाच्य अक्षरात आठवड्याचा हिशेब होता. सोमवारी मोटारसायकली सात, मंगळवारी चार, बुधवारी अकरा आणि एक डंपर. गुरुवारच्या रकान्यात लिहिले होते, 'पाऊस. गेलो नाही.'